बोट वाजवून पाहताना

विकत घेण्यापूर्वी वस्तू वाजवून पाहणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नारळ कानाशी नेऊन हलवायचा, माठ बोटाच्या पेराने ठोकायचा, कलिंगडावर थाप मारून तबलजीसारखे डोळे मिटायचे. त्या आवाजातून नेमके काय कळते हे कुणी सांगत नाही. पण विकणाऱ्याला एवढे नक्की कळते की, गिऱ्हाईक नवखे नाही. नाट्यपरीक्षण हाही त्यातलाच प्रकार. मी तीस वर्षे एका साप्ताहिकातून नाटके वाजवून पाहिली. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, अभिनय, प्रत्येकाच्या पदरात चार-चार ओळी टाकायच्या आणि 'एकदा अवश्य पाहावे' म्हणून मोकळे व्हायचे. पन्नास फुटी शिडाच्या बोटीचे परीक्षण करण्याची वेळ येईल असे मात्र माझ्या कुंडलीत कुणी सांगितले नव्हते.

ती आणली माझ्या भाच्याने. भाचा आणि भाचेसून पंचवीस वर्षे इंग्लंडात, साउदॅम्प्टनजवळ राहतात. दोघांनी पन्नाशी ओलांडली आहे. मुलगी शिकून नोकरीला लागली, घरावरचे कर्ज फिटले आणि ज्या वयात आपल्याकडे माणसे चारधाम यात्रेची चौकशी करतात त्या वयात या दोघांनी समुद्राची चौकशी सुरू केली. चार वर्षे शनिवार-रविवार शिकवणीला जाऊन बोट हाकायला शिकले, रीतसर परीक्षा दिली. सूनबाई भाच्यापेक्षा चांगल्या रीतीने पास झाली. तेव्हापासून सुकाणू आणि नकाशे तिच्याकडे, आणि स्वयंपाक व शिडाच्या दोऱ्या त्याच्याकडे, अशी वाटणी झाली. बेत असा की, नोकऱ्या सोडायच्या, घर भाड्याने द्यायचे, बोट घ्यायची, बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेन-पोर्तुगाल गाठायचे, तिथून कॅनरी बेटे, आणि धीर टिकला तर अटलांटिक.

पैसा सगळा आयुष्यभराच्या शिल्लकेतला. बोट चुकली तर दुसरी घेण्याइतका उरणार नव्हता. आणि भर समुद्रात चुकली, तर प्रश्न पैशाचा राहणार नव्हता.

मी त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, तूही चल बघायला. तू तिऱ्हाईत आहेस आणि तुला बोटीतलं काही कळत नाही." परीक्षकाच्या नेमणुकीसाठी याहून भक्कम पात्रता मी आमच्या साप्ताहिकातही ऐकली नव्हती.

साउदॅम्प्टनच्या जवळ हॅम्बल नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही काठांना इतक्या बोटी बांधलेल्या असतात की, पाणी दिसायला नशीब लागते. नुसत्या डोलकाठ्यांचे बन. वारा सुटला की हजारो दोऱ्या अॅल्युमिनियमच्या काठ्यांवर वाजू लागतात आणि एकाच वेळी सगळ्या देवळांत आरती चालू झाल्यासारखे वाटते. इथे बोट उभी करायचे भाडे लांबीवर असते, मीटरच्या हिशेबाने, कापडासारखे. शिवाय जाणकारांचा ढोबळ आडाखा असा की, बोटीच्या किमतीच्या दहाएक टक्के रक्कम दरवर्षी तिच्या देखभालीवर जाते. म्हणजे हत्ती घ्यायचा तर उसाचे शेतही घ्यावे लागते. हे वाक्य मी भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "मामा, आधी हत्ती तर बघ."

हत्ती देखणा होता, यात वाद नाही. पन्नास फुटी, बारा वर्षांची, पांढरीशुभ्र. मागची बाजू एवढी रुंद की तिथे सहा पानांची पंगत बसावी. मागची फळी बटण दाबले की पाण्याच्या पातळीला उतरते आणि पोहायला घाट तयार होतो. सुकाणूची चाके दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. बोटी विकून देणारा दलाल आमच्या पुढे चालत होता. दलाल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहिला तो हा नव्हे. हा अगदी शालीन गृहस्थ होता. पायातले बूट काढून अनवाणी बोटीवर चढला, तेव्हा मला तर आपण सत्यनारायणाला आलोत असे वाटले.

आता परीक्षण. सुरुवात नेपथ्यापासून करतो.

नेपथ्य उत्तम. पाच पायऱ्या उतरून खाली गेले की प्रशस्त दिवाणखाना. पुण्यात एवढ्या जागेत 'हवेशीर दोन खोल्यांचा ब्लॉक' म्हणून जाहिरात येते. शयनगृहे तीन, संडास-न्हाणी तीन. पुढच्या शयनगृहात मध्यभागी दुहेरी पलंग, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा. स्वयंपाकाचा ओटा एका भिंतीला लांबलचक लावलेला. भाच्याने फ्रीज उघडून पाहिला, ओव्हन उघडून पाहिला आणि नव्या नवरीकडे पाहावे तसे त्या ओट्याकडे पाहिले.

प्रकाशयोजना झगझगीत. पूर्वीच्या बोटी आतून गडद लाकडाच्या, सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या माजघरासारख्या असत. ही पाहा: छताला काचा, भिंतींना काचा, बसल्या बसल्या पाण्यावरचे बदक डोळ्यांच्या पातळीवर दिसते. गुण कबूल करायलाच हवेत. आठवडाभर पावसात एका जागी अडकून पडलेल्या नवरा-बायकोला उजेड आणि दोन दरवाजे यांची किंमत संसार वाचवण्याइतकी असते.

तांत्रिक बाजूही दमदार. मोठे शीड डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाते, बटण दाबले की पडद्यासारखे बाहेर येते. नाळेशी पंख्यासारखे एक यंत्र असते, त्याने बोट धक्क्याला लावताना पुढचे टोक हवे तिकडे ढकलता येते. आणि लांब बोट वेगाने जाते, हेही खरे. इंग्लंडच्या फॅल्मथहून बिस्के ओलांडून स्पेनच्या ला कोरुन्याला जायचे अंतर सुमारे साडेचारशे सागरी मैल. लहान बोट ताशी सहा मैलांनी गेली तर पंच्याहत्तर तास लागतात. मोठीने साडेसात मैलांची गती धरली तर साठ. पंधरा तास कमी, म्हणजे वाईट हवा गाठण्याची संधीही तेवढी कमी. दलालाने हे गणित तोंडपाठ सांगितले, आणि गणित बरोबर होते.

आतापर्यंत नाटक रंगले होते. भाचा तर पहिल्या अंकातच टाळ्या वाजवून बसला होता. तेवढ्यात सूनबाई दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "आता बोट कलली असं धरा."

वाचकहो, शिडाची बोट सरळ चालत नाही, हे आपण कॅलेंडरावरची चित्रे पाहून विसरतो. वारा बाजूने घेतला की ती कलते. वीस-पंचवीस अंश कललेली जमीन म्हणजे कौलारू घराचे छप्पर. त्या छपरावर दोन-तीन दिवस राहायचे, चालायचे, शिजवायचे, झोपायचे, रात्री उठून पहारा करायचा. शिवाय छप्पर स्थिर नसते, ते वर-खाली होते.

सूनबाई अंग एका बाजूला झुकवून पायरीपासून पुढच्या न्हाणीपर्यंत चालत गेली. वाटेत जिथे हाताला धरायला काही मिळाले तिथे तिने मोठ्याने आकडा म्हटला. आकडे दोनच झाले. एक पायरीशी, एक न्हाणीच्या दाराशी. मध्ये साडेतीन-चार मीटर मोकळे मैदान. मी आयुष्यभर एस.टी.ने आणि लोकलने प्रवास केला आहे. एस.टी.च्या लाल डब्यात कोकणातल्या घाटात माणूस उभा राहू शकतो तो रुंद जागेमुळे नव्हे, वर दांडी असते म्हणून. लोकलमध्ये तर जागाच नसते. त्यामुळे पडायचे कुठे हा प्रश्नच येत नाही. प्रवासात प्रशस्तपणा हा दुर्गुण असतो, हे मला त्या दिवशी प्रथमच शब्दांत सापडले.

मग ओटा. यू अक्षरासारखा ओटा असला तर बोट कुणीकडेही कलली तरी कंबर टेकायला जागा मिळते. हा ओटा सरळ रेषेत. शेगडी झुलती होती, बोट कलली तरी भांडे सपाट राहील अशी. पण आचाऱ्याला झुलते ठेवण्याची सोय नव्हती. "फोडणी देताना तू उभा कुठे राहणार?" सूनबाईने विचारले. भाच्याने जागा दाखवली. "आणि बोट उलट बाजूला कलली की?" भाच्याने वळून पाहिले. मागे चार मीटर मैदान होते आणि त्याच्या टोकाला सोफा. पूर्ण वाक्य कुणीच बोलले नाही, पण मोहरीसकट भाचा सोफ्यावर गेलेला आम्हा सर्वांना दिसला. दलालालासुद्धा.

शेवटी पलंग. दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग म्हणजे कललेल्या बोटीत दोन्ही बाजूंनी पडता येणारा पलंग. समुद्रात झोपायला अरुंद बाक लागतो, बोटीच्या मध्यावर, आणि कडेला झोळीसारखे कापड बांधलेले. आपल्या पाळण्याचेच तत्त्व. पुढच्या टोकाला तर झोपणे अशक्य, कारण रुंद आणि सपाट बुडाची बोट लाटेवरून उतरताना थडाथडा आपटते. मागच्या दोन खोल्यांत नांगरून पडल्यावर पाणी रात्रभर चपचप वाजते, हे दलालाने नव्हे, शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने सांगितले. संगीत या सदरात मी एवढीच नोंद केली.

दलालाने शांतपणे एका चकचकीत पट्टीकडे बोट दाखवले. तिच्यावर 'ए' असे अक्षर होते. युरोपच्या नियमांप्रमाणे बोटींना ए, बी, सी, डी असे वर्ग देतात. 'डी' म्हणजे शांत तळे. 'ए' म्हणजे महासागर: ब्यूफोर्टच्या मापाने आठाच्या वर वारा आणि चार मीटरच्या वर लाटा सोसण्याजोगी, असाधारण वादळे सोडून. भाच्याचा चेहरा उजळला. पण 'ए'च्या वर वर्गच नाही. पस्तीस टक्के मिळवणारा आणि नव्व्याण्णव टक्के मिळवणारा, दोघांच्या निकालपत्रावर 'उत्तीर्ण' एवढेच लिहिलेले असावे, तशातली गत. शिवाय ती पट्टी बोटीबद्दल बोलते. बोटीतल्या माणसाला झोप लागेल की नाही, याबद्दल ती एक अक्षर काढत नाही.

आता झोपेचे एवढे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर तिथल्या दर्यावर्दी मंडळींना १९७९ साली मिळाले. त्या ऑगस्टमध्ये फास्टनेट नावाच्या शर्यतीला ३०३ बोटी निघाल्या. आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्रात वादळाने गाठले. ८६ बोटींनी शर्यत पुरी केली, १५ स्पर्धक मरण पावले. या शर्यतीनंतर रुंद, हलक्या बोटींचा उघड हिशेब मांडला जाऊ लागला. पाट उलटा पडला की उलटाच राहतो. भोवरी बाहुली कितीही लोळवली तरी उठून बसते. बोट यांपैकी कुणासारखी आहे, म्हणजे किती अंशांपर्यंत कलून ती परत सरळ होते, तो आकडा आता मागून घेता येतो. घेणाऱ्याने तो मागावाच. पण त्या वादळाचा दुसरा धडा मला अधिक लागला. माणसांनी २४ बोटी सोडून दिल्या होत्या. त्यांतल्या बुडाल्या पाच. बाकीच्या रिकाम्या तरंगत राहिल्या. त्या रात्री त्या माणसांवर काय गुजरले हे दिवाणखान्यात बसून बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढेच दिसते की बोटीचा दम संपण्याआधी माणसाचा संपतो. म्हणून बोट पाहताना, ही किती सोसेल एवढे विचारून भागत नाही. ही मला किती दमवील, हेही विचारावे लागते.

भाच्याकडे अजून एक हुकमाचे पान होते. "मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट. लहान बोटीत जीव कशाला घालायचा?" यावर परीक्षक या नात्याने मी तोंड उघडले, कारण इथे आपल्या गावची साक्ष काढता येत होती. एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा सगळ्यांत आधी केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, १९६८-६९ साली, ३१२ दिवसांत. त्याची 'सुहैली' मुंबईत बांधलेली, सागवानाची, अवघी ३२ फुटी. भाचा म्हणाला, "आणि कमांडर दिलीप दोंदे? त्यांची 'म्हादेई' ५६ फुटी होती." हेही खरे. २००९-१० मध्ये दोंदे एकट्याने जग फिरून आले, ते याहून लांब बोटीने. म्हणजे लांबीने काही सिद्ध होत नाही. पण म्हादेई गोव्यात, दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली आणि दोंदे ती बांधली जात असताना तिच्याजवळ होते. तिचे पोट त्यांनी उघडे पाहिले होते. आपल्यापुढच्या बोटीचे पोट कुणी पाहिले आहे?

शिवाय दोंदे नौदलाचे कसलेले अधिकारी. इथे पन्नाशीची दोन माणसे, एकाची पाठ धरते. एवढ्या बोटीचे नुसते मोठे शीड साठेक चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट. ते बटणाने बाहेर येते हे खरे, पण कधी कधी अर्धे बाहेर येऊन काठीच्या फटीत अडकते, आणि त्या वेळी वारा वाढलेला असतो. नांगराची साखळी दहा मिलिमीटर जाडीची, मीटरला सव्वादोन किलोच्या वर वजन; साठ मीटर सोडली तर एकशेचाळीस किलोच्या आसपास. ती ओढणारे विजेचे यंत्र बंद पडले तर हाताने ओढायची. बोट किती मोठी घ्यावी याचे सूनबाईने काढलेले सूत्र सोपे होते: "सगळी बटणं बंद पडल्यावर आपल्याला दोघांना जेवढी आवरेल तेवढी."

पाण्यावरची चाचणी झाली. वारा बेताचा, ऊन कोवळे, बोट हंसासारखी चालली. भाचा चाकाशी उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दहा वर्षांचा मुलगा दिसला. मला खरेच वाईट वाटले. रंगीत तालमीला नाटक पडल्याचे मी कधी पाहिलेले नाही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक त्या दिवशी नसतो.

'तपासणीत समाधान झाल्यास' या अटीवर भाच्याने इसार भरला. तिथे ही चांगली रीत आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने तपासनीस नेमतो, बोट क्रेनने पाण्याबाहेर काढतात आणि तपासनीस तिच्याभोवती फिरतो. हा गृहस्थ साठीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेला. एका हातात ओल मोजायचे यंत्र. आणि दुसऱ्या हातात, विश्वास ठेवा, लहानशी हातोडी. त्याने बोट वाजवायला सुरुवात केली! टक, टक, टक. कुंभारवाड्यात माठ घेताना आजी वाजवायची तसेच. फायबरग्लासचे थर घट्ट असतील तर आवाज खणखणीत येतो, आत सुटले असतील तर बसका. मी टोपी काढली. मुंबईपासून हॅम्बलपर्यंत विद्या एकच आहे, दर वेगळा.

त्याने पाहिलेल्या गोष्टी तुमच्या-माझ्या नजरेत भरणाऱ्या नव्हत्या. बुडाला ज्या नळांतून पाणी आत-बाहेर जाते त्यांचे झडप-नळ साध्या पितळेचे आहेत का. कारण खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि वरून धड दिसणारा नळ बिस्किटासारखा मोडतो. डोलकाठी धरणाऱ्या तारा किती वर्षांच्या. बारा वर्षांच्या तारांचा विमा उतरवायला कंपन्या कां-कूं करतात. इंजिनाचा पाय बोटीच्या बुडातून खाली जातो तिथले रबर कधी बदलले. दोन सुकाणू असले तर एक तरी पाण्यात राहते हा फायदा. पण दोन्ही उघडी, कीलच्या आडोशाला नसलेली, तरंगते लाकूड लागले तर थेट त्यांनाच लागणार. आणि सपाट बूड असल्यामुळे बादलीभर पाणी आत आले तरी त्याला साचायला खोलगट जागा नाही. बोट कलली की ते पाणी कपाटात जाते आणि तुमच्या कोरड्या मोज्यांची विचारपूस करते.

शेवटी तो कीलजवळ बसला. कील म्हणजे बोटीच्या बुडाखाली लटकणारा कित्येक टन वजनाचा धातूचा पंखा. त्याच्यामुळेच बोट कलून पुन्हा उठते. आधुनिक बोटीत तो बोल्टांनी लावलेला असतो, आणि आतून ताकद यावी म्हणून बुडावर फायबरग्लासची एक जाळी चिकटवतात. बोट तळाला आपटली की हा चिकटवा सुटू शकतो, आणि सुटला तरी वरून दिसत नाही. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. मे २०१४ मध्ये 'चिकी राफिकी' नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकमध्ये तिची कील निखळली. चार जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाच्या अहवालात, पूर्वी तळाला लागून चिकटवा कमकुवत झाला असण्याची शक्यता आणि तो लक्षात येण्यातली अडचण, दोन्ही नमूद आहेत.

"ही बोट कधी तळाला लागली होती का?" तपासनिसाने विचारले. दलाल म्हणाला, मालकाच्या सांगण्याप्रमाणे एकदा 'हलकासा स्पर्श' झाला होता, ब्रॅम्बल बँकेवर. ही साउदॅम्प्टनसमोरच्या खाडीत मधोमध असलेली वाळूची पट्टी. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला ती उघडी पडते तेव्हा दोन क्लब तिच्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. इंग्रज माणूस क्रिकेट कुठेही खेळू शकतो. पण जिथे क्रिकेट खेळता येते तिथे कित्येक टनांची कील लागली तर त्याला हलकासा स्पर्श म्हणत नाहीत.

हातोडी पुन्हा फिरली. कीलच्या मागच्या टोकाशी आवाज बदलला. टक, टक, थप. आम्ही सगळे गप्प. त्याने पुन्हा वाजवले. थप. मग आत जाऊन फळ्या उचलल्या. पण जाळीचा तो भाग पक्क्या बसवलेल्या कपाटाखाली होता. तो बाहेर येऊन म्हणाला, "इथे केसाएवढी भेग आहे. ती वरवरची असेल, नसेलही. खात्री हवी तर कील उतरवावी लागेल." मालक म्हणाला, उतरवणार नाही.

त्या संध्याकाळी घरी तिघेही फारसे बोललो नाही. भाच्याने वरण-भात केला. जेवता जेवता एकदम म्हणाला, "आवडली होती रे मामा." सूनबाई म्हणाली, "मलाही." मला वाटते, त्या एका शब्दामुळे निर्णय सोपा झाला. अटीप्रमाणे इसार परत मिळाला. तपासणीचे आणि क्रेनचे पैसे गेले ते गेले. एवढ्या पैशात एवढे शहाणपण कुठल्याही विद्यापीठात मिळत नाही.

आता निकाल. दिखाऊ कलाकृती म्हणून तिला झोडपणे सोपे आहे, आणि माझ्या पेशातल्या अनेकांनी तेच केले असते. ते अन्यायाचे होईल. भूमध्य समुद्रात एका गावाहून दुसऱ्या गावाला दिवसाउजेडी जायचे, दुपारी नांगर टाकायचा, पोहायचे, पाहुण्यांना जेवायला बोलवायचे, अशा आयुष्यासाठी ती बोट बेतलेली होती आणि त्या आयुष्यासाठी ती उत्तम होती. बोट घेणारे बहुतेक लोक बहुतेक दिवस तसेच जगतात. दोष नाटकाचा नव्हता, ते ज्या प्रेक्षकाला विकले जात होते त्याचा होता. पुढे मालकाने झक मारत कील उतरवली, आतली दुरुस्ती केली, आणि ती बोट एका जोडप्याने घेऊन ग्रीसला नेली. सुखात आहेत असे ऐकतो. पहिल्या अंकाचेच तिकीट काढून आलेल्यांना ती अवश्य पाहावी.

भाच्याने वर्षभराने अडतीस फुटी, तिच्याहून जुनी बोट घेतली. आतून काळोखी, लाकडी, अरुंद. ओटा यू अक्षरासारखा. हाताला धरायला नऊ जागा, सूनबाईने मोजल्या. उरलेल्या पैशातून तारा, शिडे आणि नळ नवे बसवले. फ्रीज लहान आहे, याबद्दल भाचा अजून कुरकुरतो.

पहिल्या उन्हाळ्यात दोघे बिस्के ओलांडून गेली. चौथ्या दिवशी ला कोरुन्याहून सूनबाईचा निरोप आला. वारा किती होता, लाटा केवढ्या होत्या, डॉल्फिन दिसले का, यातले त्यात काही नव्हते. एवढेच लिहिले होते: "पोचलो. दोघंही आळीपाळीनं झोपलो."